घोटा दिसतो, मेंदू दिसत नाही

अमेरिकेत जानेवारीतले शनिवार-रविवार फुटबॉलचे असतात. हा फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे, तो पुढच्या गड्याकडे फेकायचा, आणि ज्याच्या हाती चेंडू आहे त्याच्यावर प्रतिस्पर्ध्यांनी झेपावून त्याला जमिनीवर लोळवायचे, असा तो खेळ. कबड्डीतली पकड डोळ्यासमोर आणावी. फक्त पकडणारा शंभर-सव्वाशे किलोचा असतो आणि धावत येतो. सप्टेंबरपासून साखळी सामने चालतात, जानेवारीत बाद फेरी लागते आणि फेब्रुवारीत ‘सुपर बोल’ हा अंतिम सामना होतो. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये मुले-नातवंडे असलेल्या इथल्या अनेक घरांत ही नावे आता नवी राहिलेली नाहीत.

२९ जानेवारी २०२३ च्या रविवारी उपांत्य फेरीचे दोन्ही सामने पाठोपाठ झाले. फिलाडेल्फियात ईगल्सनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सना ३१-७ असे हरवले. संध्याकाळी कॅन्सस सिटीत चीफ्सनी सिनसिनाटीच्या बेंगल्सवर २३-२० अशी मात केली. पहिला सामना एकतर्फी म्हणून विसरला गेला, दुसरा शौर्यगाथा म्हणून लक्षात राहिला. पण त्या दिवशी तीन खेळाडूंच्या तीन वेगवेगळ्या अवयवांचे जे झाले, ते एकत्र ठेवून पाहिले तर गुणफलकापेक्षा महत्त्वाचे काहीतरी हाती लागते. एकाचा घोटा, एकाचे कोपर आणि एकाचे डोके. तिघेही क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून संघाचे प्रत्येक आक्रमण सुरू होते तो खेळाडू.

घोटा होता चीफ्सच्या पॅट्रिक महोम्सचा. आठ दिवस आधी, २१ जानेवारीला, जॅक्सनव्हिलच्या संघाविरुद्ध खेळताना एक प्रतिस्पर्धी त्याच्या उजव्या पायावर पडला. आपण एरवी ‘पाय मुरगळला’ म्हणतो तेव्हा बहुधा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला गेलेला असतो. महोम्सची दुखापत त्याहून वरची होती. नडगीचे हाड आणि त्याच्या बाजूचे बारीक हाड घोट्याच्या वर ज्या मजबूत बंधांनी एकत्र बांधलेले असते, ते बंध ताणले गेले होते. प्रत्येक पावलाला ही दोन हाडे एकमेकांपासून दूर ढकलली जातात, म्हणून ही दुखापत साध्या मुरगळण्यापेक्षा हट्टी असते आणि बरी व्हायला सहसा काही आठवडे घेते. महोम्स मैदान सोडायला तयार नव्हता. एक्स-रे काढल्याशिवाय पुन्हा उतरवणार नाही, असे प्रशिक्षक अँडी रीड यांनी बजावले, तेव्हा तो चरफडत आत गेला. हाड मोडलेले नव्हते. पायाला पट्ट्या गुंडाळून तो उत्तरार्धात परतला. आठ दिवसांनी बेंगल्सविरुद्ध तो पूर्ण सामना खेळला. अगदी शेवटी लंगडत पळून त्याने रेषा ओलांडली, त्यानंतर त्याला ढकलल्याबद्दल प्रतिस्पर्ध्यांना पंधरा यार्डांचा दंड झाला, आणि हॅरिसन बटकरने ४५ यार्डांवरून किक मारून तीन सेकंद उरले असताना सामना जिंकून दिला. असा शेवट कुणी पटकथेत लिहिला असता तर निर्मात्याने तो कापला असता.

कोपर होते फोर्टीनाइनर्सच्या ब्रॉक पर्डीचे. खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सर्वांत शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडलेला हा पोरगा. त्याच्या आधीचे दोघे मोसमात जायबंदी झाले म्हणून त्याची पाळी आली आणि त्याने ओळीने सामने जिंकले. त्या रविवारी मात्र संघाच्या पहिल्याच आक्रमणात चेंडू फेकत असताना त्याच्या हातावर फटका बसला आणि कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यांना सतावणारा हाच तो बंध. पर्डीच्या जागी जॉश जॉन्सन आला. वय ३६, अनेक संघांच्या दारांतून फिरून आलेला चौथा पर्याय. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच तो पाठीवर पडला, डोके जमिनीवर आपटले, आणि मेंदूला मार लागल्याचे, म्हणजे कन्कशनचे, निदान करून डॉक्टरांनी त्याला सामन्यातून बाद केले. आता संघाकडे क्वार्टरबॅकच उरला नव्हता. फाटक्या बंधाचा पर्डी पुन्हा मैदानात आला. त्याला लांब पास फेकणे शक्यच नव्हते. जवळच्या गड्याच्या हाती चेंडू सोपवायचा आणि वेळ काढायची, एवढेच त्याने केले.

सोमवारच्या चर्चांत महोम्स सिंह ठरला, पर्डी बिचारा, आणि जॉन्सनचा उल्लेख एका वाक्यात उरकला गेला. वैद्यकशास्त्राच्या नजरेने पाहिले तर त्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय जॉन्सनबाबतचा होता. संघ अंतिम फेरीपासून एक पाऊल दूर, दुसरा माणूस नाही, मोसमभराची मेहनत पणाला. आणि तरीही त्याला मैदानात परत पाठवले गेले नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी असे घडलेच असते, असे या खेळाचा इतिहास माहीत असलेला कोणी म्हणणार नाही.

घोट्याला किंवा कोपराला जे लागते ते बहुतेक वेळा दिसते. सूज येते, एक्स-रे किंवा एमआरआय काढता येतो, किती दिवस लागतील याचा अंदाज बांधता येतो. सज्ञान माणूस ते ऐकून धोका पत्करू शकतो. महोम्सने पत्करला. सुपर बोलमध्ये त्याचा तोच घोटा पुन्हा दुखावला, तरी तो खेळला आणि जिंकला. त्याबद्दल डॉक्टरी थाटात नाक मुरडण्याचे कारण नाही. पर्डीच्या कोपरावर १० मार्चला शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरात नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात तो पुन्हा चेंडू फेकत होता. बंध शिवता येतो.

मेंदू शिवता येत नाही. कवटीच्या आत तो द्रवात तरंगत असतो आणि त्याचा पोत खरवसापेक्षा फार वेगळा नसतो. डोके वेगात जाऊन अचानक थांबले, की कवटी थांबते; आतला मऊ गोळा हलतो, पिळवटतो, त्यातले बारीक चेतातंतू ताणले जातात. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, हे त्याचे मोठे काम. पण आतला खरवस हलायचा तो हलतोच. पेशींमधले क्षारांचे संतुलन बिघडते. ते सावरायला त्यांना जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावतो. या काळात दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा हलका असूनही जास्त नुकसान करू शकतो. यातले काहीही साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची मोडतोड शोधण्यासाठी असतो. ‘स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे काही झालेले नाही’ हा समज आपल्याकडे शिकल्यासवरल्या घरांतही पक्का आहे, आणि तो चुकीचा आहे.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. घोटा दुखावलेला खेळाडू ‘मी खेळू शकतो’ म्हणतो तेव्हा तो निर्णय शाबूत मेंदूने घेतलेला असतो. डोक्याला मार लागलेला खेळाडू तेच वाक्य बोलतो तेव्हा जो अवयव जायबंदी झाला आहे तोच स्वतःच्या तब्येतीचा दाखला देत असतो. म्हणून इथे खेळाडूची जिद्द, त्याचा अनुभव, त्याचा शब्द, काहीही ग्राह्य धरता येत नाही.

हे शहाणपण अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगला, म्हणजे एनएफएलला, सहजासहजी आलेले नाही. लीगने १९९४ मध्ये मेंदूच्या दुखापतींसाठी समिती नेमली आणि तिच्या प्रमुखपदी संधिवाताचे तज्ज्ञ बसवले. (सांधेदुखीच्या डॉक्टरकडे मेंदू का सोपवला, याचे पटणारे उत्तर अजून मिळायचे आहे.) ही समिती कित्येक वर्षे धोका किरकोळ असल्याचे सांगत राहिली. माइक वेब्स्टर हा पिट्सबर्गचा नामांकित खेळाडू २००२ मध्ये मरण पावला. त्याच्या मेंदूची तपासणी करताना बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या विकृतिशास्त्रज्ञाला टाऊ या प्रथिनाच्या विचित्र गाठी आढळल्या. २००५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले, तेव्हा लीगच्या डॉक्टरांनी तो निबंधच मागे घ्यावा अशी मागणी केली. सीटीई या संक्षिप्त नावाने हा ऱ्हास आता ओळखला जातो. बोस्टन विद्यापीठात अ‍ॅन मॅकी यांच्या गटाने २०१७ मध्ये एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासल्याचे जाहीर केले. त्यांपैकी ११० मध्ये सीटीई आढळला. हा आकडा वापरताना मात्र जपून राहिले पाहिजे. ज्या घरांनी आपल्या माणसाला विसरभोळा, चिडका, खिन्न होत गेलेला पाहिले, तीच घरे मेंदू दान करायला पुढे येतात. तेव्हा शंभरातल्या नव्व्याण्णव खेळाडूंना हा आजार होतो, असा त्याचा अर्थ नाही. पण तो दुर्मीळ आहे असे म्हणण्याचीही सोय उरलेली नाही. संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. या ऱ्हासाचा संबंध गाजलेल्या एखाद-दुसऱ्या कन्कशनपेक्षा किती वर्षे डोक्यावर धक्के घेतले याच्याशी अधिक दिसतो. म्हणजे जॉन्सनला बाहेर बसवले हे योग्यच झाले, पण तेवढ्याने या खेळाचा हिशेब चुकता होत नाही.

आज प्रत्येक सामन्यात संघाच्या पगारावर नसलेले मेंदूतज्ज्ञ मैदानालगत उभे असतात, वर काचेच्या खोलीत बसलेले निरीक्षक चित्रफीत मागे-पुढे करून कोण अडखळला ते पाहत असतात आणि खेळ थांबवण्याचा अधिकारही त्यांना आहे. तरीही यंत्रणा फसते. २५ सप्टेंबर २०२२ रोजी मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ डोके आपटून उठला आणि दोन पावलांत त्याचे पाय लटपटले. लाखो लोकांनी ते पाहिले. पाठीची जुनी दुखापत, असे कारण देऊन त्याला त्याच सामन्यात परत खेळवले. चार दिवसांनी सिनसिनाटीत तो पुन्हा आपटला आणि त्याची बोटे वाकडी, ताठ होऊन हवेत राहिली. मेंदूला जबर धक्का बसल्याची ती खूण. चौकशीत निष्पन्न काय झाले, तर नियम पाळले गेले होते, फक्त जे व्हायला नको होते ते झाले. मग नियम बदलला. तोल गेलेला दिसला की कारण कोणतेही असो, त्या दिवशी परत खेळायचे नाही.

या सगळ्यात प्रेक्षकांचा वाटा कोणी मोजत नाही. जॅक यंगब्लड हा खेळाडू १९७९ च्या मोसमातली बाद फेरी आणि त्यापुढचा सुपर बोल पायाचे हाड मोडलेल्या अवस्थेत खेळला. ती कथा आजही आदर्श म्हणून सांगितली जाते. आपणही २००२ मध्ये अँटिग्वात जबड्याला पट्टी बांधून गोलंदाजी करणारा अनिल कुंबळे विसरलेलो नाही. या आठवणी प्रेमाच्या आहेत, त्या पुसाव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांची दुसरी बाजू २३ जानेवारी २०११ ला दिसली. शिकागोचा जे कटलर उपांत्य सामन्यात गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर बसला. टीव्हीवर तो ठीकठाक उभा दिसत होता. सामना संपण्याआधीच लीगमधल्याच काही आजी-माजी खेळाडूंनी ट्विटरवर त्याच्या हिमतीची टर उडवली आणि काही चाहत्यांनी त्याच्या नावाचे सदरे जाळले. दुसऱ्या दिवशी तपासणीत गुडघ्याचा अस्थिबंध खरोखरच दुखावलेला निघाला. सदरे तोवर जळून गेले होते. एमआरआयवर दिसणाऱ्या दुखापतीची ही कथा. जी कशातच दिसत नाही अशी दुखापत घेऊन बाहेर बसणाऱ्याच्या मनात काय चालत असेल, याचा अंदाज यावरून यावा. सोफ्यावर बसून दिलेले मत पुढच्या जानेवारीत कोणाच्या तरी उपचारात मिसळलेले असते.

वेदनाशामकांचाही इथे उल्लेख करायला हवा. केटोरोलॅक हे इंजेक्शन, टोराडोल या नावाने, या खेळात वर्षानुवर्षे सामन्याआधी सर्रास दिले जाई. दुखणे आधीच मारून टाकायचे, म्हणजे लागले तरी कळू नये. ते मूत्रपिंडांवर ताण आणते आणि रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. डोक्यावर आदळण्याच्या खेळात यातली दुसरी गोष्ट कुणालाही दचकवेल. संघांच्या डॉक्टरांच्याच संघटनेने २०१२ मध्ये आधीच टोचून ठेवण्याची पद्धत टाळावी असे सुचवले. आपल्याकडे मॅरेथॉनच्या सकाळी गोळी घेऊन धावणारे हौशी धावपटू त्याच वाटेवर आहेत. फक्त त्यांच्यासाठी समिती बसलेली नाही.

तर मग जॉन्सनला बाहेर बसवणे शक्य का झाले आणि पर्डीला फाटक्या बंधानिशी परत का यावे लागले? नैतिक उंचीच्या गप्पा मारण्यापेक्षा बाकाकडे पाहावे. महोम्सचीच गोष्ट घ्या. १७ जानेवारी २०२१ रोजी, अशाच बाद फेरीच्या सामन्यात क्लीव्हलँडविरुद्ध तो आपटला आणि उठताना झोकांडला. त्याला कन्कशनच्या तपासणीसाठी नेले आणि परत येऊ दिले नाही. सामना अटीतटीचा होता. चॅड हेनी या राखीव क्वार्टरबॅकने तो २२-१७ असा जिंकून दिला. दोन वर्षांनी महोम्स घोट्याच्या एक्स-रेसाठी आत गेला, तेव्हाही मैदानात हेनीच होता आणि त्याने ९८ यार्डांची मजल मारून टचडाउन मिळवले. ‘आधी एक्स-रे काढ’ हे रीड यांना ठणकावून सांगता आले, कारण त्यांच्याकडे हेनी होता. फोर्टीनाइनर्सकडे तो नव्हता. जॉन्सनच्या बाबतीत निर्णय नियमाने घेतला, माणसांनी नव्हे. आणि जिथे नियम नव्हता, त्या कोपराच्या बाबतीत दुखऱ्या माणसालाच पुढे केले गेले.

लीगने मे २०२३ मध्ये नियम बदलला. पहिले दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले तर तिसरा उतरवता यावा म्हणून त्याला सामन्याच्या दिवशी खास जागा देण्यात आली. बातम्यांत ही सुधारणा खेळाचा बेरंग टाळण्यासाठी म्हणून आली. पण आरोग्याच्या दृष्टीने तिचे मोल जास्त आहे. बदली माणूस तयार असला की डॉक्टरच्या ‘नाही’ची किंमत कमी होते, आणि किंमत कमी झाली की ‘नाही’ वेळेवर म्हटले जाते. क्रिकेटनेही हेच केले. पूर्वी कसोटीत बदली खेळाडू फक्त क्षेत्ररक्षण करू शके. डोक्याला लागलेला फलंदाज बाहेर बसला की संघ एक फलंदाज गमावत असे. ऑगस्ट २०१९ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूऐवजी दुसरा पूर्णपणे खेळू शकतो. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसून स्टीव्ह स्मिथ कोसळला. प्राथमिक तपासणीत तो ठीक निघाला, म्हणून परत येऊन खेळला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोके जड, अंगात सुस्ती. लक्षणे अशी रात्रभर दडूनही बसतात. नव्या नियमाखाली मार्नस लाबुशेन त्याच्या जागी फलंदाजीला आला.

शाळेच्या मैदानावर, गावच्या जत्रेतल्या कबड्डीत किंवा सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटमध्ये मेंदूतज्ज्ञ उभा नसतो. बदली खेळाडू मात्र बहुधा असतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये शालेय खेळाडूंसाठी कायदा केला, तो एका तेरा वर्षांच्या मुलाच्या नावाने. डोके आपटल्यावर त्याला थोडा वेळ बसवून पुन्हा खेळवले आणि सामना संपताच तो मेंदूतल्या रक्तस्रावाने कोसळला. तो वाचला, पण कायमचे अपंगत्व घेऊन. त्या कायद्याचा गाभा साधा आहे. संशय आला की त्या दिवशी खेळ बंद, आणि डॉक्टरने लेखी सांगितल्याशिवाय परत नाही. पाच वर्षांत तिथल्या सर्व पन्नास राज्यांत असे कायदे झाले. मूल गोंधळलेले दिसते, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, तोल जातो, उजेड सहन होत नाही, डोके दुखते, एवढे पुरेसे आहे; बेशुद्ध पडण्याची वाट पाहायची नसते. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायातली ताकद कमी होणे, उठवूनही न उठणारी झोप, यांपैकी काही दिसले तर तडक रुग्णालय गाठायचे. बाकीच्यांना एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल आणि अभ्यास बेताचा, मग हळूहळू चालणे-फिरणे. पूर्वी सांगत तसे आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची गरज नाही, हे आता स्पष्ट झाले आहे. खेळात परतणे सर्वांत शेवटी.

जॉश जॉन्सन त्या दिवशी परत आला नाही आणि त्याचा संघ ३१-७ असा हरला. चॅड हेनी दोन आठवड्यांनी, चीफ्सनी सुपर बोल जिंकला त्याच रात्री, वयाच्या सदतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्या सुपर बोलमध्ये त्याला एक पासही फेकावा लागला नव्हता.